रजेवरून परतलेला हात

फर्स्ट इयरचं वर्कशॉप प्रॅक्टिस आठवतंय ना? खाकी एप्रन, बूट नसतील तर दारातूनच परत, आणि वेल्डिंग शॉपमध्ये एका होल्डरमागे अकरा जणांची रांग! रॉड प्लेटला टेकवला की चिकटणार, तो हिसडून काढेपर्यंत सर ओरडणार, आणि शेवटी जो काही 'बट जॉइंट' तयार होणार त्यापेक्षा मुंग्यांचं वारूळ बरं. जर्नलमध्ये मात्र सगळ्या बॅचने एकाच सुवाच्य सुरात लिहिलं, 'अशा प्रकारे आर्क वेल्डिंगचा अभ्यास केला.'

पण ज्यांना हे काम खरोखर येतं, त्यांचा हात नेमकं काय करतो हे आपण कधी नीट पाहिलं आहे का? ३.१५ मिलिमीटरचा रॉड असेल, तर त्याचं टोक आणि प्लेट यांच्यात अंतर ठेवायचं साधारण तेवढंच, म्हणजे तीनेक मिलिमीटर. रॉड जळून सतत आखूड होत असतो, म्हणून हात खाली उतरत राहतो. जोड पुढे जायला हवा, म्हणून तोच हात पुढेही सरकतो. आणि हे सगळं काळ्या काचेतून दिसणाऱ्या एका वितळलेल्या ठिपक्याकडे बघत, साडेतीनशे मिलिमीटरचा रॉड संपेपर्यंत. असं काम पंधरा-पंधरा वर्षं केलेला हात एके दिवशी कापला जातो, आठ महिने पट्ट्या आणि फिजिओथेरपीत जातात, आणि मग तो पुन्हा शॉपवर येतो. तेव्हा नक्की काय काय परत आलेलं असतं?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटलेला नाही. माझा मामा भोसरीला एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये 'आर्गॉन' वेल्डर आहे. (आपण व्हायवात ज्याला टिग म्हणतो, त्याला शॉपवर सगळे आर्गॉनच म्हणतात.) ग्राइंडरचं कटिंग व्हील फुटून त्याचा तुकडा त्याच्या डाव्या तळहातात घुसला. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांच्या कंडरा, म्हणजे टेंडन, आणि स्पर्श कळवणाऱ्या नसा तुटल्या. आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हात बरा झाला. सुपरवायझर म्हणाले, सर्टिफिकेट संपलं. ठेकेदार म्हणाला, तूर्त हेल्पर म्हणून या. आजी म्हणाली, आता एखादं दुकान टाक बाबा. गंमत म्हणजे चौघंही आपापल्या जागी बरोबर होते! मामाचं म्हणणं मात्र वेगळंच होतं. "अगं, तार सरकवताना ती बोटात आहे की नाही, तेच कळत नाही." या एका वाक्याचा अर्थ लावण्यात माझं निम्मं सेमिस्टर गेलं. हा लेख म्हणजे तोच अभ्यास समजा.

आधी हाताची मेकॅनिझम. एक हात टेबलावर ठेवा, दुसऱ्या हाताने त्याच्या कोपराखालचा भाग धरा आणि बोटं मिटा-उघडा. हालचाल बोटात होते, पण स्नायू फुगतो तो कोपराजवळ. बोटांमध्ये स्नायू नसतातच! बोट मिटणारी ताकद हाताच्या वरच्या भागातून दोरीसारख्या कंडरांमार्फत येते, अगदी सायकलच्या ब्रेकच्या केबलसारखी. प्रत्येक बोटाला मिटण्यासाठी अशा दोन कंडरा, अंगठ्याला एक. या कंडरा एका अरुंद नळीतून जातात आणि ठिकठिकाणी कड्यांनी हाडाला धरलेल्या असतात. डॉक्टर लोक त्या कड्यांना चक्क 'पुली' म्हणतात. कडी तुटली तर कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटते, आणि स्नायूने तितकंच ओढूनही बोट पूर्ण मिटत नाही. आपल्या थिअरी ऑफ मशीन्सचं एक गणित सहज होईल यावर.

आता केबल तुटली तर आपण नवीन टाकतो. कंडरा मात्र शिवावी लागते, आणि खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. जखम भरताना शरीर जी डिंकासारखी पेशींची भर घालतं, ती कंडराची दोन टोकं जोडते तशीच कंडराला नळीच्या भिंतीलाही चिकटवते. हालचाल केली तर टाका तुटण्याची भीती, नाही केली तर बोट कायमचं जाम. तळहाताच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा जो पट्टा आहे, तिथे दोन्ही कंडरा एकाच नळीत असतात, त्यामुळे हा पेच सगळ्यात वाईट. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन सर्जनने त्या पट्ट्याला 'नो मॅन्स लँड' असं नाव दिलं होतं. तिथे लगेच शिवू नका, असाच सल्ला बराच काळ दिला जायचा. पुढे १९६० च्या दशकात हॅरॉल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती काढली ती अशी : बोट शिवायचं, नखाला एक रबरबँड बांधून तो मनगटाशी अडकवायचा. रुग्णाने बोट फक्त सरळ करायचं, मिटायचं काम रबरबँडचं. म्हणजे कंडरा नळीत सरकत राहते, चिकटत नाही, आणि टाक्यावर स्नायूचा ताणही येत नाही. एवढ्या साध्या रबरबँडने एका सर्जरीचं नशीब बदललं, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्या प्रोजेक्टला काय काय लागतं ते आठवा!

साधारण सहा आठवडे स्प्लिंट, बाराव्या आठवड्याच्या आसपास जोर लावायला परवानगी. म्हणजे कंडराच्या हिशेबाने मामा चौथ्या महिन्यातच कामाला लागायला हवा होता. मधल्या काळात हाताचा स्नायू वाळतो, पकड कमी होते, ती यंत्रावर मोजताही येते आणि व्यायामाने बरीचशी भरूनही येते. पण आर्गॉनचं काम काही वेटलिफ्टिंग नव्हे. टॉर्च तसा हलका असतो. अडलं होतं ते ताकदीपाशी नाही.

अडलं होतं नसेपाशी. संवेदना नेणारी नस म्हणजे एक वायर नव्हे, तर हजारो बारीक तंतूंची जुडी. ती कापली की कापल्या जागेपासून बोटाच्या टोकापर्यंतचा सगळा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेतल्या नसांवर हे दाखवलं होतं. सर्जन जे शिवतो ते फक्त वरचं आवरण. आतले तंतू कापल्या जागेपासून पुन्हा उगवत, जुन्या रिकाम्या नळ्यांमधून बोटाच्या टोकापर्यंत चालत यावे लागतात. त्यांचा वेग किती? दिवसाला सुमारे एक मिलिमीटर! म्हणजे महिन्याला इंचभर. त्याला औषधाचा बूस्टर नाही, ओव्हरटाइम नाही.

मामाच्या तळहातापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मी पट्टीने मोजलं. साडेआठ सेंटीमीटर भरलं. म्हणजे पंच्याऐंशी दिवस, शिवाय तंतूंनी जागचं हलायला सुरुवातीचे काही आठवडे घेतले ते वेगळे. हीच जखम मनगटापाशी झाली असती तर हिशेब सहा महिन्यांच्या पुढे गेला असता. तंतू कुठवर पोचले हे बघायला डॉक्टर नसेच्या वाटेवर बोटाने टिचक्या मारत जातात. जिथे मुंग्या येतात तिथवर गाडी आली, असं समजायचं. फ्रान्सच्या ज्यूल टिनेल आणि जर्मनीच्या पाउल हॉफमन यांनी ही खूण १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, वेगवेगळी नोंदवली. दोघं शत्रूराष्ट्रांतले, पण सैनिकांच्या जखमा दोन्हीकडे सारख्याच होत्या.

पण तंतू टोकाला पोचले म्हणजे काम झालं असं नाही. परत येताना त्यांची अदलाबदल होते. हॉस्टेलच्या पॅनेलमध्ये कोणीतरी वायरी काढून अंदाजाने परत लावाव्यात आणि तिसऱ्या मजल्याचं बटण दाबल्यावर मेसचा पंखा फिरावा, तसंच काहीसं. बोटाच्या डाव्या कडेला टोचलं तर मेंदूला मध्यभागी टोचल्यासारखं वाटतं. मग मेंदूलाच नवा पत्ता शिकवावा लागतो. त्यासाठी मामीने तांदळाच्या डब्यात नट, वॉशर, रुपयाचं नाणं, चावी असं सगळं पुरून ठेवलं होतं. डोळे मिटून हात घालायचा आणि काय लागलं ते सांगायचं. हे काही घरगुती खूळ नव्हे, फिजिओथेरपीत असेच व्यायाम देतात. प्रगती मोजायला पेपरक्लिप सरळ करून तिची दोन टोकं बोटावर टेकवतात. दोन टोकं 'दोन' म्हणून कळायला निरोगी बोटाच्या टोकावर सहा मिलिमीटरपेक्षा कमी अंतर पुरतं. त्याहून जास्त लागत असेल तर बारीक काम अवघड.

आता मामाच्या वाक्याकडे येऊ. टिगमध्ये उजव्या हातात टॉर्च, आणि डाव्या हातात मीटरभर लांबीची फिलर तार, दीड-दोन मिलिमीटर जाडीची. ती दोन बोटांमध्ये धरून अंगठ्याने पुढे सरकवायची, वितळलेल्या थारोळ्यात टेकवायची, मागे घ्यायची, पुन्हा टेकवायची. डोळे थारोळ्यावर खिळलेले असतात, म्हणजे बोटांकडे बघायला कोणीच नाही. तार किती सरकली हे फक्त बोटांनाच कळतं. आणि वर हातमोजा! जखम 'फक्त डाव्या' हाताला झाली असं ऐकून नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकत होते. साध्या रॉडच्या वेल्डिंगसाठी ते चाललंही असतं. आर्गॉनवाल्याचा डावा हात गेला तर निम्मं नव्हे, सगळंच काम गेलं.

सुन्न बोटाचा दुसरा धोका वेगळा आहे. तार संपत येते तशी बोटं गरम टोकाजवळ येतात. चटका बसतो म्हणून आपण हात मागे घेतो. चटकाच कळला नाही तर? या बाबतीत भारतात झालेलं एक काम फार मोलाचं आहे. डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. डॉक्टरकीच्या आधी ते सुतारकाम आणि बांधकाम शिकलेले होते, त्यामुळे हत्यार धरणारा हात त्यांना आतून माहीत होता. कुष्ठरोगात बोटं आपोआप 'झडतात' असा समज होता. ब्रँड यांच्या लक्षात आलं की बरंचसं नुकसान सुन्नपणामुळे होतं. दुखत नाही म्हणून माणूस गरम भांडं तसंच धरून ठेवतो, खरबरीत मुठीचा हातोडा जखम होईपर्यंत चालवतो. बरे झालेले लोक सुतारकाम शिकत तिथे हत्यारांच्या मुठी बदलणं, रोज संध्याकाळी हात नीट तपासणं, असे उपाय करावे लागले.

पुढे ब्रँड अमेरिकेत कारव्हिलला गेले. तिथे त्यांच्या गटाने इंजिनियरांना घेऊन सेन्सर बसवलेला हातमोजा करायचा प्रयत्न केला. दाब वाढला की इशारा! इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांनी इथे कान टवकारावेत. सेन्सर महाग होते, पटकन बिघडत, हा एक भाग झाला. पण मुख्य अडचण ही की इशारा वाजला तरी हातातलं काम सोडवत नसे, लोक यंत्रच बंद करून काम पूर्ण करत. खऱ्या वेदनेला ऑफचं बटण नाही, म्हणून तर ती उपयोगी पडते. मामानेही सुरुवातीला हेच केलं, बरं का. डाव्या हाताच्या मोज्याला भोक पडलेलं आणि बोटावर टपोरा फोड, आणि हे त्याला दाखवलं शेजारच्या फिटरने.

बरं, आता 'सवय' नावाच्या गोष्टीकडे वळू. "सायकल कोणी विसरतं का?" हे वाक्य मामाला किमान पन्नास जणांनी ऐकवलं. ते कितपत खरं आहे? बरंचसं खरं आहे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्याला कोणतीही नवी गोष्ट लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे पूर्वी कधी केलंय याचा मात्र त्याला पत्ताच नव्हता! म्हणजे हाताचं कसब मेंदूत निराळ्या ठिकाणी जमा होतं. फ्लाइशमन आणि पार्कर यांनी १९६२ मध्ये विमान चालवण्यासारखं एक काम लोकांना शिकवून मध्ये मोठा खंड पाडला. दोन वर्षांनीही हाताचं कसब जवळपास तसंच होतं.

पण याच प्रकारच्या पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. विमान वळवणं-सावरणं टिकतं, मात्र कोणतं बटण कुठल्या क्रमाने दाबायचं, हे काही महिन्यांतच पुसट होतं. मामाचंही तसंच. टॉर्च हातात घेतल्यावर हात आपोआप वळला, पण स्टेनलेस पाइपच्या आत आर्गॉन किती वेळ आधी सोडायचा, कोणत्या जाडीला किती करंट, इथे तो अडखळला. आपल्याला वाटतं हाताचं काम अवघड आणि क्रम पाठ करणं सोपं. विसरण्याच्या बाबतीत बरोबर उलटं आहे. म्हणूनच प्रत्येक जोडासाठी डब्ल्यूपीएस नावाचा कागद शॉपवर टांगलेला असतो. परत आलेल्या माणसाला तो पुन्हा शांतपणे वाचायला देणं हा काही अपमान नाही. (हाच नियम आपल्या सबमिशनला लावता येईल का, हे मी एचओडी सरांना विचारणार नाही.)

आणि सायकलच्या म्हणीत एक मोठी मेख आहे. ती धरून चालते की सायकल तीच आहे. इथे हात बदललेला असतो. ज्यांनी सीएनसी लॅब केली आहे त्यांना लगेच समजेल. प्रोग्रॅम शंभर टक्के बरोबर आहे, पण टूल बदललंय आणि ऑफसेट मात्र जुनाच आहे. काय होईल? मशीन बिनचूकपणे चुकीच्या जागी जाईल! मामाचं एक बोट आता पूर्वीपेक्षा थोडं कमी मिटतं. मेंदू जुना प्रोग्रॅम चालवतो, तार किंचित वर जाते आणि नेमकी टंगस्टनला लागते. आर्क भरकटतो, थांबून टंगस्टन पुन्हा घासावा लागतो, आणि त्याचा कण जोडात राहिला तर एक्स-रे फिल्मवर पांढरा ठिपका दिसतो. (हवेचे बुडबुडे आणि स्लॅग काळे दिसतात. टंगस्टन लोखंडापेक्षा घन, म्हणून पांढरा.) नवशिक्याचा एक्स-रे काळ्या ठिपक्यांनी भरतो, मामाचा पांढऱ्यांनी भरत होता.

त्यावर उपाय तोच जो आपण लॅबमध्ये करतो, ऑफसेट पुन्हा घेणे. भंगाराच्या पट्ट्यांवर, आधी आर्क न पेटवता नुसती तार सरकवत, मग सपाट प्लेटवर, रोज थोडा वेळ. मामाने शेवटी तार धरायची पद्धतच बदलली. ती आता अनामिका आणि करंगळीच्या आधाराने धरतो आणि अंगठ्याने सरकवतो, कारण ती दोन बोटं शाबूत आहेत. दिसायला विचित्र दिसतं. जोड चांगला येतो.

आता कागद. वेल्डरला वर्षानुवर्षांचा अनुभव असला तरी त्याची पात्रता ठराविक पद्धतीपुरती लिहून ठेवलेली असते. बॉयलर-प्रेशर व्हेसलसाठी सगळीकडे वापरला जाणारा एएसएमई कोडचा सेक्शन नाइन म्हणतो की एखाद्या पद्धतीने सहा महिने किंवा जास्त काळ वेल्डिंग केलं नाही, तर त्या पद्धतीची पात्रता संपते. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या स्ट्रक्चरल कोडमध्येही सहा महिन्यांचीच रेघ आहे. आयएसओ ९६०६-१ मध्येही दर सहा महिन्यांनी जबाबदार माणसाची सही लागते. नस दिवसाला एक मिलिमीटरच्या वेगाने चालणार आणि कोडचं घड्याळ सहा महिन्यांना वाजणार! दोघांची भेट होणं कठीणच.

पण कोड वाटतो तितका निष्ठुर नाही, आणि हे शॉपवर फार कमी जणांना ठाऊक असतं. नुसत्या खंडामुळे संपलेली पात्रता परत मिळवायला एएसएमईनुसार त्या पद्धतीचा एकच टेस्ट कूपन पुरतो, कोणत्याही जाडीचा, कोणत्याही पोझिशनमध्ये. तो पास झाला की त्या पद्धतीतल्या जुन्या सगळ्या पात्रता जिवंत होतात. मामाकडे सिक्स-जी होतं. (मोबाइलचं नव्हे! पंचेचाळीस अंशात तिरका, जागचा न हलणारा पाइप. वेल्डरच त्याच्याभोवती फिरतो. हे जमलं तर सगळ्या पोझिशन चालतात.) म्हणजे मामाने टेबलावर सपाट प्लेट जोडून दाखवली, तरी कागदावर त्याला सिक्स-जी परत मिळतं.

हे उदार आहे, आणि म्हणूनच मला थोडं धोक्याचंही वाटतं. हा नियम सुट्टीवर गेलेल्या, दुसऱ्या कामावर लावलेल्या धडधाकट माणसासाठी बरोबर आहे. त्याचा हात तोच असतो. जखमी हाताचं काय? कोडमध्ये आणखी एक कलम आहे. वेल्डरच्या कामाबद्दल शंका घ्यायला ठोस कारण असेल तर पात्रता काढून घेता येते, आणि मग प्रत्यक्ष करायच्या कामासारखीच टेस्ट पुन्हा द्यावी लागते. हात कापला होता, एवढंच काही ठोस कारण होत नाही, असं माझं मत. फिल्मवर पांढरे ठिपके दिसले तर ते नक्कीच कारण आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण ते कलमांचं जंगल आहे. कामावर झालेल्या इजेसाठी ईएसआयमध्ये तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतो. पण ज्या दिवशी पगारी काम केलं, त्या दिवसाचा तो मिळत नाही. म्हणजे एकतर पूर्ण आजारी, नाहीतर पूर्ण बरे. दिवसातून दोन तास काम करून बघणाऱ्याला मधली पायरीच नाही. जर्मनीत अशी पायरी आहे. डॉक्टर तासांचं वेळापत्रक आखून देतात, ते हळूहळू वाढवतात, आणि तोवर माणूस कागदोपत्री आजारीच धरला जाऊन भत्ता चालू राहतो. सरकारी नोकरीत असाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे नोकरीत असताना आलेल्या अपंगत्वावरून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही. मामाच्या शॉपसारख्या खासगी ठिकाणी ते कलम नाही, म्हणून तर 'हेल्पर म्हणून या' असं सहज म्हणता येतं.

कायमच्या नुकसानीचा तक्ताही आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के असे आकडे दिलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा व ईएसआयचा १९४८ चा कायदा, दोन्ही तिच्यात सामावले. पण असा तक्ता तुटलेले अवयव मोजतो. बोट जागेवर आहे आणि त्याला तार कळत नाही, याला तक्त्यात ओळ नाही, ते डॉक्टरांच्या मूल्यमापनावर सोडलेलं असतं. तिथे १९७५ सालचा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल कामाला येतो. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे ते अंशतः नुकसान ठरलं असतं. कोर्टाने मान्य केलं की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याच्यापुरतं नुकसान शंभर टक्के. हात कुणाचा आहे, यावर त्याची किंमत ठरते, हे पहिल्यांदा मला तिथे कायद्याच्या भाषेत वाचायला मिळालं.

आपल्यापैकी बरेच जण जुलैपासून कुठल्या ना कुठल्या प्लांटवर ट्रेनी इंजिनियर म्हणून रुजू होतील. वेल्डर कंटिन्युइटी रजिस्टर हे असल्या नवख्यांच्याच गळ्यात मारलं जातं, असं सीनियर्स सांगतात. त्यात वेल्डरचं नाव, पद्धत आणि शेवटचं वेल्ड कोणत्या तारखेला केलं, एवढे रकाने असतात. एखादा माणूस हॉस्पिटलमध्ये आहे हे माहीत असूनही दयेपोटी तारीख टाकून सही करण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण त्या सहीवर पुढे वाफेची लाइन उभी राहते. त्याऐवजी पाचव्या महिन्यात एक फोन करा. डॉक्टरांची परवानगी असेल आणि हात खरोखर चालत असेल, तर त्या पद्धतीने केलेलं खरं वेल्ड, अगदी छोटं असलं तरी, सहा महिन्यांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणतं. नसेल चालत, तर राहू द्या, एका कूपनचा तर प्रश्न आहे.

मामाच्या सुपरवायझरनी तेच केलं. नवव्या महिन्यात प्लेटचा कूपन घेतला, बेंड टेस्टला एकशे ऐंशी अंशात वाकवला, कुठेही चीर नाही. कोडप्रमाणे विषय संपला होता. तरी त्यांनी मामाला एक तिरका पाइपही लावून दिला, आपसात. त्याच्या फिल्मवर तीन पांढरे ठिपके आले. मामा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मग त्यानेच सांगितलं की सध्या मला टेबलावरचीच कामं द्या, पण आर्गॉनच्या रेटने द्या. बरीच वादावादी होऊन ठेकेदाराने रेट मान्य केला. रजिस्टरच्या शेरा रकान्यात सुपरवायझरनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय : 'प्लेट हो. पाइप दोन महिन्यांनी परत बघणे.'